शुक्रवारी सकाळी सहाला

नैरोबी, ४ मार्च

ती. बाबांना,

कोंबोचं शिकामू आणि नमस्कार. वि. वि.

मी बरी आहे. आत्या फोनवर सांगत होती की कानाचं यंत्र तुम्ही पुन्हा डब्यात ठेवून दिलंत. होडीच्या इंजिनाने तुमचे कान नेले म्हणून मला पत्रं लिहावी लागतात, याबद्दल माझी तक्रार नाही. लिहिताना माणूस मोजून बोलतो.

आता कामाचं. १ एप्रिलपासून मोम्बासाला येणारी जहाजं आमच्या बंदर खात्याच्या वेळापत्रकावर चालतील. आजवरची रीत तुम्हाला माहीत आहे. आधी येईल त्याचा नंबर आधी, म्हणून प्रत्येक जहाज जिवाच्या आकांताने पळत येतं आणि मग तीन-चार दिवस बाहेर नांगर टाकून धूर सोडत बसतं. यापुढे धक्का कधी रिकामा होणार ते आम्ही काही दिवस आधी कळवू, आणि जहाज त्या बेताने सावकाश येईल. वेग ताशी पंधरा सागरी मैलांवरून अकरावर आणला, तर तेवढ्याच अंतराला तेल जवळजवळ निम्मं लागतं. एवढी साधी गोष्ट आहे.

दुसरी गोष्टही साधी आहे, ती लिहायला मला दोन दिवस लागले. बाहेर आज सरासरी सतरा जहाजं थांबतात. जुलैपर्यंत चार उरतील असा माझा अंदाज आहे. तुमची होडी या थांबलेल्या जहाजांना भाजी-फळं विकून चालते. तेव्हा होडी आता किनाऱ्यावर ओढून ठेवावी, ही विनंती. धक्क्याजवळ जहाजांना माल पुरवणारं एक दुकान आहे, तिथे जाणता माणूस हवा आहे. मी बोलून ठेवलं आहे.

आत्याला शिकामू. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू द्यावा.

आपली,
म्वानाकोंबो


लिकोनी, १५ मार्च

चि. कोंबोस,

मरहबा, आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. समुद्रापासून पाचशे किलोमीटर लांब, सहाव्या मजल्यावर बसून जहाजं हाकतेस आणि बापाला सांगतेस होडी ओढा. तुझी आई असती तर म्हणाली असती, पोरगी बापावर गेलीय, फक्त पाण्याशिवाय. जुम्बेला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणतो, तुझ्या पोरीला जहाजं नकोशी झाली असतील तर आधी लग्न लावून दे, म्हणजे दुसरीकडे लक्ष जाईल. त्याचे गुडघे गेले म्हणून तो होडीवर येत नाही, पण जीभ शाबूत आहे.

दुकानाचं बघितलं. मालक दिवसभर ओरडतो. मला ऐकू येत नाही म्हणून तो मला घ्यायला तयार आहे. मीच तयार नाही. धक्क्यावर माल ट्रकने जातो, कागदावर सही होते, कोणी कोणाचं तोंड पाहत नाही. मी शिडीखाली होडी लावतो तेव्हा वरून दहा माणसं वाकून बघतात. तीन आठवडे बर्फातलं मांस खाऊन त्यांची तोंडंही तशीच झालेली असतात. ‘आल्बा कोरिन’वर रोदेल म्हणून फिलिपिन्सचा खानसामा आहे. दर सहा-सात आठवड्यांनी येतो. लिंबं, हिरव्या कैऱ्या आणि शहाळी एवढंच मागतो आणि टोपली दोराने वर गेली की पहिलं लिंबू तिथेच चावतो. त्याला मी शब्द दिलाय. बाकीची जहाजं ने तुझ्या वेळापत्रकात, हे एक मला ठेव.

आणि अंदाजाचं म्हणशील तर माझाही आहे. जहाज कंपनीच्या एजंटच्या खिडकीत जहाज ज्या वारी धक्क्याला लागायचं लिहिलेलं असतं, त्याच्या दोन दिवस आधी ते नांगरावर असतं. एकतीस वर्षांत दोनदा चुकलो. दोन्ही वेळा जहाज आलं होतं, मीच झोपलो होतो.

जेवत जा. बापावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा


नैरोबी, २८ मे

ती. बाबांना,

शिकामू. वि. वि.

दोन महिन्यांचे आकडे आले. बाहेर थांबलेली जहाजं सरासरी सहा. साडेचार हजार टन तेल जळायचं वाचलं. सभेत लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा तुमची आठवण झाली, पण ती तिथे सांगण्यासारखी नव्हती.

आत्या सांगते, तुम्ही सकाळी जाता आणि भरलेल्या टोपल्या घेऊन परत येता. शेजारच्या बकऱ्या टोमॅटोला कंटाळल्या म्हणे. हे तिने हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. कूसी सुरू झाला आहे. दक्षिणेच्या वाऱ्यात त्या होडीत एकट्याने जाऊ नये. जुम्बेकाकांचे गुडघे बरे नसतील तर दुसरा कोणी न्यावा, आणि कोणी नसेल तर जाऊ नये.

हे पत्र नको तितकं कोरडं झालं आहे. मला दुसरं लिहिता येत नाही. राग नसावा, असला तर तो घरातलाच असावा.

आपली,
म्वानाकोंबो


लिकोनी, २९ जुलै

चि. कोंबोस,

झुवेना आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

तू परत गेल्यापासून घर नीट आहे. तू आलीस, चार दिवस राहिलीस, भांडी घासलीस, आल्यागेल्याला कॉफी दिलीस. रडली नाहीस. बायका बोलल्या. मी त्यांना म्हटलं, ही आईच्या वेळीही रडली नव्हती, सात वर्षांची होती तेव्हा. ही रडते ते आपल्याला दिसत नाही, म्हणून ती रडत नाही असं समजू नका. मी बरोबर बोलले की नाही मला माहीत नाही.

गर्दीत तुला सगळं नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. एजंटच्या खिडकीत ‘आल्बा कोरिन’ शुक्रवारी, बारा तारखेला, धक्क्याला लागणार असं होतं. म्हणून तो बुधवारी पहाटेच निघाला. लिंबांच्या दोन टोपल्या, कैऱ्या आणि वीस शहाळी घेऊन. जुम्बे किनाऱ्यावर होता. त्याने हाताने खूण केली की आभाळ बघ. तुझ्या बाबाने खूण केली की गुडघे बघ.

दुपारी मासेमार परतत होते, त्यांना तो जहाजं नांगर टाकतात त्या जागी बसलेला दिसला. समुद्र मोकळा होता. त्यांनी खुणावून विचारलं, येतोस का. तो म्हणाला, “आता परत जायचं आणि उद्या पुन्हा यायचं म्हणजे दुप्पट तेल. इथंच थांबतो, जहाज येईलच.” संध्याकाळी वारा चढला. होडी मटवापाच्या खाडीजवळ सापडली आणि शनिवारी तो सापडला. पुढचं तू पाहिलंस.

शुक्रवारी दुपारी तो रोदेल घर शोधत आला. आम्ही सगळे किनाऱ्यावर होतो, शेजारणीने त्याला बसवलं. जहाज थेट आत आलं, म्हणून त्याला काही तास जमिनीवर उतरता आलं म्हणे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बिस्किटांचा डबा ठेवून गेला.

आणखी एक. शुक्रवारीच तुझं पाकीट बसने आलं होतं, बाबाच्या नावाचं. तू इथे असताना द्यायचं राहिलं. फोडलेलं नाही. ते तुला परत पाठवू, की मी वाचू?

आत्या अजून आहे, हे लक्षात असू दे.

तुझी,
आत्या


नैरोबी, ५ ऑगस्ट

ती. आत्यास,

शिकामू. वि. वि.

पाकीट पाठवू नकोस. त्यात काय आहे ते सांगते, मग वाचायचं की नाही ते तू ठरव.

सोमवारी, ८ जुलैला, सकाळी १०.४० ला मी ‘आल्बा कोरिन’ला कळवलं की धक्का शुक्रवारी रिकामा होईल, वेग सातवर आणावा आणि शुक्रवारी सकाळी सहाला थेट आत यावं. तो निरोप मी स्वतः लिहिला. एरवी ते जहाज बुधवारी सकाळी बाहेर येऊन थांबलं असतं, म्हणजे बाबांचा अंदाज बरोबरच ठरला असता.

जहाजाचं नाव मी ओळखलं. हे मला तुझ्यापासून लपवायचं नाही. बाबांना कळवायला हवं हेही माझ्या मनात आलं. संध्याकाळी मी पत्र लिहिलं: ‘तुमचं जहाज या वेळी नांगर टाकणार नाही, शुक्रवारी सहाला थेट आत जाईल, लिंबं धक्क्यावर घेऊन जा, मी फाटकावर सांगून ठेवते.’ त्यात थोडी थट्टाही केली होती. मला थट्टा क्वचित जमते, ती जमली म्हणून मी खूश होते. मंगळवारी ऑफिसला जाताना पाकीट बसवाल्याकडे देऊ असं म्हणून पिशवीत ठेवलं. मंगळवारी विसरले. बुधवारी दिलं.

तुला फोन करायला एक मिनिट लागलं असतं. बाबांना ऐकू येत नाही, तुला येतं. मला ते सुचलं नाही. बाबांना सांगायचं म्हणजे पत्र लिहायचं, ही आमची सवय होती.

आणि मार्चपासून मी त्यांना जहाजं किती कमी होतील ते लिहीत राहिले. खिडकीतल्या वाराचा अर्थ बदललाय, आता जहाज दोन दिवस आधी नाही, त्याच वारी येणार, हे एकदाही लिहिलं नाही. त्यांनी आपला हिशोब मला लिहून कळवला होता. मी तो वाचला, आवडला, आणि चुकीचा झालाय हे माझ्या लक्षात आलं नाही.

चार दिवस मी तुझ्या घरात भांडी घासत होते ते यासाठी. तुझ्याकडे बघता येत नव्हतं.

माफी मागत नाही, कारण ती द्यायची की नाही या विचारात तुला पाडायचं नाही. फक्त तुला माहीत असावं.

लोभाचं या वेळी काही लिहीत नाही.

म्वानाकोंबो


लिकोनी, १९ ऑगस्ट

चि. कोंबोस,

आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज लिहायला बसत होते. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण लिहिलेला कागद रोज फाडत होते.

मला राग आला. खोटं कशाला लिहू. पहिले दोन दिवस इतका आला की तुझा फोटो भिंतीकडे फिरवून ठेवला. तिसऱ्या दिवशी धूळ पुसायला घेतला आणि सरळ ठेवला. तुला बरं वाटेल असं काही लिहिता येत नाही, कारण तो माझा भाऊ होता आणि लहानपणी मी त्याला पाठीवर घेऊन फिरले आहे.

पण हट्ट त्याचाही होता, तेही लिहायला हवं. आभाळ दिसत होतं. तू दोनदा विनवलंस. पाकिटातलं पत्र मी वाचलं. थट्टा चांगली आहे. त्याने ती साऱ्या किनाऱ्याला वाचून दाखवली असती.

आता ऐक. परवा जुम्बे आला होता. अजून नऊ होड्या बाहेर जातात. त्यांच्यातल्या कोणालाही कळत नाही की खिडकीत वार असतो आणि समुद्रावर जहाज नसतं. ते म्हणतात, गोरे लोक उशीर करायला लागले. कोणी सांगितलंच नाही त्यांना. तू तेल मोजलंस, धूर मोजलास, आणि नऊ होड्या मोजायच्या राहिल्या. हे टोमणा म्हणून लिहीत नाही, बाईंनी वहीवर लिहावं तसं लिहिते. चूक दिसली की दुरुस्त करून आणायची.

जेवतेस का? तेवढं खरं लिही.

तुझी,
आत्या


नैरोबी, २ सप्टेंबर

ती. आत्यास,

शिकामू. वि. वि.

एक वेळ जेवते. तू खरं लिहायला सांगितलंस.

ऑफिसात मी विचारलं की बाहेर कोण थांबणार आणि कोण थेट जाणार, ही यादी लिकोनीच्या होडीवाल्यांना रोज द्यावी का. साहेब म्हणाले, होडीवाले आपले ग्राहक नाहीत, आणि जबाबदारी अंगावर येईल. ते नियमाने बरोबर बोलले. नियमाने बघितलं तर मीही जुलैत काही चुकीचं केलं नव्हतं. आमच्या खात्याने मला वर्षाचं प्रशस्तिपत्र दिलं. ते कपाटात आहे.

म्हणून मी ते घरून करते. पहाटे साडेचारला उठून आदल्या संध्याकाळी ठरलेली यादी पाहते आणि जुम्बेकाकांच्या फोनवर पाठवते. होड्या लागतात तिथे फिश बांडाच्या, म्हणजे मासळीच्या शेडच्या, भिंतीवर ते खडूने लिहितात. गुडघ्यांमुळे वर हात पोहोचत नाही, तेव्हा मुद्दाम खाली लिहितात, माणसाला वाकून वाचावं लागतं, असं त्यांनीच कळवलं. आज आठवा दिवस. गेल्या गुरुवारी यादी वाचूनही दोघे बाहेर गेले. परत आले. ते परत आल्याचं काकांनी दहाला कळवलं. तोवर मी ऑफिसात एक ओळ लिहू शकले नाही.

हे पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. याने बाबांचं काही होत नाही. आजची यादी तुझ्यासाठीही लिहिते, म्हणजे मी काय करते ते तुला कळेल:

सोमवार, २ सप्टेंबर. तीन जहाजं. पहिलं सातला, दुसरं सव्वादहाला, तिसरं दुपारी चारला. तिन्ही थेट आत. बाहेर कोणी थांबणार नाही. वारा दक्षिणेचा, जोराचा. भाजी घेऊन जाऊ नये.

असावा म्हणून लोभ मागायची रीत आहे. मी मागत नाही. उरला असेल तेवढा पुरेल.

तुझी,
कोंबो