गुरुजींकडची एकच फेरी

अकोला, मंगळवार, १६ डिसेंबर १९५८

वकीलसाहेब खूश. जुन्या मोडी खरेदीखताची बाळबोध नक्कल आज दुपारीच टाइप करून दिली. एरवी दोन दिवस जात. शब्द अडला की मशीन सोडून उठायचं, मागच्या गल्लीत मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींकडे जायचं. शब्द ते एका नजरेत लावत. वेळ जाई तो चहात, चौकशीत, निघताना पुन्हा बसवून घेण्यात. म्हणून या वेळी अडलेल्या जागा कोऱ्या सोडल्या आणि शेवटी एकदाच गेलो. हे आधी कसं सुचलं नाही?

पण ती टोपी डोळ्यांपुढून हलत नाही.

गुरुजींची सून दारातच म्हणाली, "नवं खत आलं हे त्यांले समजलं. सकाळपासून टोपी घालून तुमची वाट पाहून राह्यले."

सगळे शब्द झटक्यात लागले. चहा मीच नको म्हणालो.

"झालं? आनखी काई अडलं नाई तुले?"

"नाही, गुरुजी."

"पाय बरं नीट."

पाहिलं. खरंच काही उरलं नव्हतं. वकिलांना काय, त्यांना नक्कल हवी!

मी उठलो तशी गुरुजींनी टोपी काढून खुंटीला अडकवली. अजून बारासुद्धा वाजले नव्हते.