सावळारामांच्या शर्टाला मासळीचा वास

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळ.
मोठ्या आतड्याला सूज येऊन एकोणीस वर्षे झाली. आजार माझ्या पूर्ण ताब्यात आहे. दिवसातून फक्त सहा वेळा जावे लागते. डॉक्टर म्हणतात, एवढ्या जुन्या सुजेत क्वचित दुर्मिळ जातीचा कॅन्सर होतो, दरवर्षी दुर्बिणीने तपासा. क्वचित म्हणजे मला नाही. नवीन मशीन घेतलेले दिसते. तरी गुरुवारची तारीख घेतली.

सायंकाळी ६.
आमचे सावळाराम इंदापूरहून आले. (तोंडावर 'अहो', वहीत नाव.) शर्टाला मासळीचा वास! माझ्या पथ्यामुळे या घरात अकरा वर्षे मासा शिजलेला नाही. मला वर्ज्य ते सर्वांना वर्ज्य. विचारले, तर म्हणाले, एस.टी.त कुणाची तरी मासळीची पाटी होती. गेल्या मंगळवारीही पाटीच होती.

५ नोव्हेंबर.
दुर्बीण पुढे ढकलली. जुलाबाची पावडर पिऊन मी संडासात बसले, तर पाळत कोण ठेवणार? सून सोनम म्हणाली, "आई, ही चौथी तारीख." तीही सामील आहे.

९ नोव्हेंबर.
रक्त पडले. बीट खाल्ले असणार. घरात बीट आणलेच नव्हते, हे सोनमने उगाच सांगितले. वजन तीन किलो कमी. काटा बिघडला आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
पाठलाग. मागची बस, तोंडाला स्कार्फ. लासुर्ण्याला बस थांबवावी लागली. पुढे जंक्शन गावालाही. कंडक्टर म्हणाला, "मावशी, उरका." आजार ताब्यात आहे.

इंदापुरात वासाचा माग काढत पोचले, ती कुणा परवेजची मासळीची खानावळ. मागच्या खोलीत सावळाराम, समोर परवेजची आई मेहबूबबी. ताट नाही. पुरावाच नाही!
मेहबूबबी म्हणाल्या, "बसा बाई. ह्ये दर मंगळवारी येऊन एकच इचारत्यात, तुमी दुर्बिणीला तयार कशा झाला?" त्यांचीही आतड्याची सूज जुनी. गाठ निघाली, ऑपरेशन झाले, आता पोटाला पिशवी आहे. "रगत पडायचं, तवा मी बी म्हनायची, बीट खाल्लं आसंल."
बिटाचे हिला कोणी सांगितले?
सावळाराम म्हणाले, "घरात तुझ्यापुढं तोंड उघडत न्हाय, म्हणून हितं शिकाय येतो."

२० नोव्हेंबर.
दुर्बीण झाली. सोनम दिवसभर दाराबाहेर बसून होती. पाळत ठेवत असावी.

२७ नोव्हेंबर.
रिपोर्ट. गाठ आहे, दुर्मिळ जातीची. लहान आहे, काढता येईल. आणखी तारखा चुकवल्या असत्या तर अवघड होते. विचारले, तपासायला काढलेला तुकडा नक्की माझाच? डॉक्टर म्हणाले, हो. दुसऱ्यांदा विचारले नाही.

घरी येऊन नियम उठवला. उद्या सर्वांना मासे. सावळाराम म्हणाले, "नको गं. मला मासा कधीच आवडला न्हाय. तू रांधायचीस म्हणून खायचो."
चाळीस वर्षे लपवले! आणखी काय काय लपवले आहे, ते शोधायला मला बरीच वर्षे लागतील. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगणार आहे.