माझा धर्म ठरायचाय अजून

२ मार्च १८४१

वाल्पुर्गा आत्या आली. पेट्या, कुत्री आणि स्थळं घेऊन! जेवताना माझं तोंड दिव्याकडे वळवून आईला म्हणते, "दात बरे आहेत गं हिचे." मी काय घोडी आहे?

मग मुद्द्यावर. "हिचं दृढीकरण उरकलं नाहीस ना?"

"नाही हो वन्सं. तुम्ही म्हणालात तसं थांबवलंय."

गावातल्या चांभाराच्या पोरीचं दृढीकरण चौदाव्या वर्षीच झालं; चर्चमध्ये उभी राहून तिनं सगळ्यांसमोर शपथ घेतली, मी ल्यूथरच्या पंथाची. मी सोळाची, राजाची मुलगी — आणि मला धर्मच नाही! नवरा ठरला की त्याचा तो माझा. व्हिएन्नाचा मिळाला तर पोपचा, पीटर्सबर्गचा मिळाला तर रशियन.

५ मार्च

आमच्या चर्चच्या रोरबेक पाळकांकडे धर्माचा धडा. मी आणि धाकटी बहीण लोटे. लोटे अकराची, पण माझ्यापेक्षा खड्या आवाजात गाते. मी आज पाळकांशी तासभर वाद घातला — काय मजा आली! "इतका जीव लावून कुणी शिकत नाही," म्हणाले. मग करा ना माझं दृढीकरण! तर खिडकीबाहेर बघायला लागले. "आईसाहेबांची परवानगी..."

घाबरट.

९ मार्च

बाबांकडे गेले. बंदूक पुसत होते. "आत्याचं ऐक बाळा. घरातली सगळी लग्नं तिनंच जमवलीत."

हो, जमवलीत! हेडविगताई व्हिएन्नाला, ती आता जपमाळ ओढते. थेक्लाताई पीटर्सबर्गला, तिचं तर नावच बदललं. सख्ख्या बहिणी, आता एकमेकींना पाखंडी म्हणतात.

२१ मार्च

पीटर्सबर्गवाल्याचं चित्र आलं. चौतिशीचा. डोक्यावरचे केस चित्रकाराचे असणार.

"केस काय बघतेस? घराणं बघ!" आत्या.

"आणि माझा धर्म?"

"तिथे थंडी असते गं. कोट घालशील तसा तोही घालायचा."

सगळे हसले. आईसुद्धा! या बाईला तिचंच कुत्रं चावलं पाहिजे.

पण बोलता बोलता बरळली — दृढीकरण झालेली मुलगी त्यांना नको असते. सगळ्यांसमोर घेतलेली शपथ मोडायची म्हणजे बोभाटा होतो.

अस्सं!

२२ मार्च

कुणाला काही सांगायचं नाही. लोटेलासुद्धा नाही.

४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

केलं!!

गावची पोरं दृढीकरणासाठी रांगेत उभी राहिली तशी मी राजघराण्याच्या बाकावरून उठले आणि शेवटी जाऊन उभी राहिले. मागून आत्या — "सिडोनी! बस खाली!" अख्ख्या चर्चला ऐकू गेलं. पाळक माझ्यापाशी आले. हळूच म्हणाले, "माझी नोकरी जाईल हो." मी म्हटलं, "मला उत्तरं येतात. विचारा."

विचारलं. सगळी दिली. मग गुडघे टेकले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मला धर्म आहे!

५ एप्रिल

आत्यानं थोबाडीत मारली. अंगठी लागली. आई म्हणते, "वन्संना तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस." पाळकांना डोंगरातल्या कुठल्याशा खेड्यात पाठवणार आहेत. त्याचं फार वाईट वाटतंय. पण पीटर्सबर्ग मोडलं! जिंकले मी! आता बाई जाईल एकदाची.

१९ मे

आत्या अजून इथेच आहे. लोटेचे धर्माचे धडे आजपासून बंद. पीटर्सबर्गवाले तिच्यासाठी पाच वर्षं थांबायला तयार आहेत.