माझी वरपर्यंत पोच

३ मार्च
कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर झालो आणि माझी पोच थेट वरपर्यंत गेली. आज मोठ्या साहेबांबरोबर मागे सरकारी अधिकारी होते. वाटेत अधिकाऱ्यांनी आरशातून माझ्याकडे बघून मान हलवली. ओळख झाली म्हणायची. खोलीवर दादाला सांगितलं. दादा म्हणजे चुलतभाऊ, आमच्याच कंपनीच्या दगड कापायच्या शेडमध्ये आहे. खोकत खोकत हसला. म्हणाला, मान कसली, खड्डा आला असेल.

९ मार्च
नवा नियम येतोय. शेडमध्ये धूळ ओढणारं मशीन सक्तीचं. सही याच अधिकाऱ्यांची. डॉक्टरने दादाला सांगितलंय, धूळ बंद कर नाहीतर काम बंद कर. काम बंद केलं तर वहिनी आणि पोरं खाणार काय? ठरवलं, गाडीतच अधिकाऱ्यांच्या कानावर घालायचं. ज्यांची ओळख नाही त्यांनी मोर्चे काढावेत.

१४ मार्च
बोललो नाही. ट्रॅफिक होता. शिवाय मोठे साहेब बोलत होते, मध्येच तोंड घालणं बरं दिसत नाही. नियम दोन वर्षं पुढे ढकला म्हणत होते. मग अधिकाऱ्यांच्या मुलाच्या परदेशातल्या कॉलेजचं निघालं, ते आम्ही बघतो, मोठे साहेब म्हणाले. घरच्यासारखी माणसं. माझं काम होणार.

२० मार्च
आरशासमोर बोलायची प्रॅक्टिस. दादा पडल्यापडल्या म्हणाला, मला पाठ झालं, मीच जाऊ का?

२१ मार्च
अधिकाऱ्यांनी स्वतःहून विचारलं. काय रे, शेडमधल्या लोकांना धुळीचा त्रास होतो का? आरशात मोठे साहेब माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, तसं काही नाही साहेब. सुरुवात नम्रपणे करावी. पुढचं बोलणार तेवढ्यात मोठे साहेब म्हणाले, बघा, कामगारांचीच तक्रार नाही. अधिकाऱ्यांनी फोनमध्ये काहीतरी लिहून घेतलं. चला, विषय तरी निघाला.

२ एप्रिल
नियम दोन वर्षं पुढे गेला. दादाने पेपर वाचून दाखवला. कामगारांशी प्रत्यक्ष बोलल्यावर तक्रार आढळली नाही म्हणे. दादा म्हणाला, कोणाशी बोलले असतील रे? मी म्हणालो, असेल कोणीतरी दुसऱ्या पाळीतला. त्याने पेपरची घडी केली. मग बराच वेळ खोकत बसला.

३० एप्रिल
अधिकाऱ्यांनी सरकारी नोकरी सोडली. आमच्याच कंपनीत सल्लागार झाले. आणायला-सोडायला मी. आता ओळख पक्की. दादा आज शेडला गेला नाही, जिना उतरवेना. आज बोलायचंच होतं, पण आधी तेच बोलले. सीटवरून बोट फिरवलं, मला दाखवलं. म्हणाले, धूळ आहे, मला त्रास होतो.
गाडी थांबवून पुसली.