तुम्ही थांबवलेली जागा

प्रिय आई,

तुमचा डीव्हीडी प्लेयर दुरुस्त होऊन परवा सकाळी घरी आला. ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हालाच द्यायला हवी होती, पण तुम्हाला जाऊन आता वर्ष होईल. फोन लावता येत नाही, म्हणून हे पत्र. आणि खरं सांगू? तुम्ही समोर असतात तर हे बोलायची माझी छाती झाली नसती. अख्ख्या करंजाड्यात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, पण तुमच्यापुढे मी चहाचा कप ठेवायची आणि गुपचूप मागे फिरायची. सासू होतात ना!

प्लेयर तुमच्याआधी आठवडाभर गेला. आठवतं? डिस्क आत जायची, घरघर व्हायची आणि पडद्यावर 'नो डिस्क' यायचं. तुम्ही त्याच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्यात आणि म्हणालात, "यालापन आता चष्मा लावा गो." मग तुम्हीच आजारी पडलात, आणि प्लेयरचं कुणाला सुचणार? तो टीव्हीखाली तसाच पडून राहिला, तुम्ही विणलेला रुमाल अंगावर घेऊन.

यंदा गणपतीच्या आधी घराला रंग द्यायचं ठरलं. ह्यांनी, म्हणजे तुमच्या चिरंजीवांनी, भंगारवाल्यासाठी सामानाचा ढीग केला आणि त्यावर प्लेयर ठेवला. मी उचलून घेतला. हे म्हणाले, "अगं, आता डीव्हीडी कोण बघतं? आणि एवढीच हौस असेल तर नवीन आणतो. पेनड्राईव्ह लागतो त्याला." बोलणं अगदी रास्त होतं. पण मला नवा नको होता, हाच हवा होता. का, ते मी त्यांनासुद्धा सांगितलं नाही.

आता तुम्हाला सांगते. तुम्हाला तुमच्याच गोष्टी सांगतेय, म्हणून चिडू नका. पत्र आहे, सुरुवातीपासून लिहावं लागतं.

दुपारी तुमच्याकडे बायका लग्नाच्या डिस्क घेऊन यायच्या. कुणाला वाटेल, हौसेने लग्नं बघत बसायच्या. हौस कसली! कुणाच्या मुलाचं लग्न करायचं असलं की ती बाई भावकीतल्या कुठल्या तरी लग्नाची डिस्क आणून तुमच्यासमोर बसायची. मंगलाष्टका, हार, वरात, सगळं तुम्ही पुढे पळवायला लावायचात. नवरानवरीकडे बघायचाच नाहीत. तुमची नजर मागच्या पोरींवर. मध्येच हाक यायची, "थांबव गो, थांबव! ती पोर कोनाची?" आणि पडद्यावर कुणीतरी बिचारी एक डोळा मिटून, अर्धं तोंड उघडं ठेवून थिजून राहायची. पोह्यांची बशी घेऊन खाली मान घालून आलेल्या मुलीला बघून काय कळतं, असं तुमचं म्हणणं. "दुसऱ्याच्या लग्नात पोर कशी वागते, ते बघावं." तुमचं हे मात्र मला पटायचं. किती घरं जुळवलीत तुम्ही त्या रिमोटवर!

मीसुद्धा तशीच सापडलेली. शेजारच्या शेवंती काकींच्या शोभाचं लग्न. नवरदेव उरणकडचा, माझा चुलतभाऊ. म्हणून मी आणि आमची दुसरी चुलत बहीण मनीषा वऱ्हाडाबरोबर इथे आलो होतो. पुढे काकी त्या लग्नाची डिस्क घेऊन तुमच्याकडे आल्या, तुम्ही दोघींनी मिळून ती बघितली, तुम्ही एका जागी थांबवली, बोट दाखवलंत, आणि काही दिवसांत माझ्या वडिलांकडे स्थळ आलं. इथवरची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

पण पुढचं, माझ्या मनातलं, फक्त मलाच माहीत होतं. लग्नानंतरच्या पूजेला बायका माझ्याभोवती गराडा घालून बसल्या होत्या. मी नवी कोरी, मान खाली. काकी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "हिच्या सासूनं बोट दावलं मनीषाला, आन् घरात आली ही!" सगळ्या खो खो हसल्या. आणि तुम्हीही हसलात, आई. 'नाही' म्हणाला नाहीत.

झालं! ते माझ्या मनात जे रुतलं ते रुतलंच. मनीषा गोरी, नाकीडोळी नीटस, कमरेपर्यंत वेणी. मी सावळी आणि वर तोंडाळ. मधल्या माणसाने घर चुकवलं असेल, मला वाटायचं. बोलणी सुरू झाल्यावर तुम्हाला मागे फिरता आलं नसेल. म्हणजे मी कोण? चुकून आलेली सून! त्यात तुम्ही, मी माहेराहून आले की पहिलं विचारायचात, "मनीषा बरी हाय ना?" माझ्या आईचं नाही, वडिलांचं नाही. मनीषाचं! मी 'बरी आहे' म्हणून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची. ऐकू यायचं का तुम्हाला?

विचारलं का नाही म्हणाल, तर झाकली मूठ सव्वा लाखाची. विचारलं असतं आणि तुम्ही 'हो' म्हणाला असतात, तर दुसऱ्या दिवशी त्याच घरात कोणत्या तोंडाने वावरले असते?

शेवटच्या वर्षात तर तुम्ही कहरच केलात. गुडघे दुखायला लागले, बायकांचं येणं कमी झालं, आणि तुम्ही एकट्याच शोभाच्या लग्नाची डिस्क लावून बसायला लागलात. त्या डिस्कचं कव्हर मला लांबूनही ओळखू येतं, नवरानवरी कमळात बसलेत त्यावर. आणि मी चहा घेऊन दारात आले रे आले की टक! बंद. एकदा तुमच्या नातीने, साक्षीने विचारलंसुद्धा, "आजी, बंद का केलंस?" तुम्ही म्हणालात, "झालं बघून." मी कप ठेवला आणि मागे फिरले. वाटलं, अजून मनीषालाच बघताहेत. अजून हळहळताहेत.

म्हणून मला हाच प्लेयर हवा होता. याची एक खोड तुम्हाला ठाऊकच आहे. डिस्क जिथे बंद केली ती जागा तो लक्षात ठेवतो. डिस्क काढा, दुसरी घाला, लाईट जाऊ दे, परत घातली की बरोबर तिथूनच सुरू. "माज्यापरीस याचं डोकं चांगलं," असं कौतुकाने म्हणायचात. शोभाच्या लग्नाची डिस्क नव्या प्लेयरवरही चालली असती. पण तुम्ही कुठे थांबत होतात, ते फक्त यालाच ठाऊक होतं. मनीषापाशी की माझ्यापाशी?

उरण नाक्याजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे मी तो घेऊन गेले. त्याने उघडून बघितलं आणि म्हणाला, "लेन्स गेलीय ताई. आता याची लेन्स शोधत कुठे फिरू? नवीन घ्या ना, वॉरंटी तरी मिळेल."

मी विचारलं, "लेन्स बदलली तर त्याची आठवण राहते का?"

"कसली आठवण?"

"डिस्क कुठे थांबवली होती ती."

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "राहायला पाहिजे. बोर्ड बदलला तर जाईल."

"मग बोर्डाला हात लावायचा नाही."

"आणि लेन्सने नाही झालं तर?"

"तर आहे तसा परत द्या."

"तुमची मर्जी," म्हणाला. मनात काय म्हणाला असेल ते कळलंच.

मग लेन्स मिळेपर्यंत माझ्या जिवाला चैन नाही. खेपा घातल्या. हे म्हणायला लागले, "माझ्यासाठी कधी एवढ्या खेपा घातल्या होत्यास?" आणि गंमत म्हणजे प्लेयर मिळाल्यावर तो लावायचीच भीती वाटायला लागली. वाटलं, द्यावा भंगारात. उगाच कशाला उकरून काढायचं? मनीषा दिसली तर तुमच्यावर रागावायचं म्हटलं तरी तुम्ही कुठे आहात? मेलेल्या माणसाशी भांडण म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. आपलंच फुटायचं.

परवा दुपारी हे न्हावा शेवाला यार्डात कामावर, साक्षी शाळेत. सवयीने चहा केला आणि कप घेऊन तुमच्याच जागेवर बसले. डिस्क घातली. घरघर झाली. निळा पडदा. तोंडाने देवाचं नाव घेतलं की काय, आठवत नाही.

आणि पंगत! शोभाच्या लग्नाची पंगत, आणि मधोमध मी! तोंडात जिलबी, एक गाल फुगलेला, टिकली सरकून भुवईवर आलेली, आणि डाव्या हाताने कॅमेऱ्यावाल्याला हाकलतेय. वरून सनई लावलीय, त्यामुळे आवाज येत नाही. पण मी काय बोलत होते ते मला चांगलं आठवतंय. त्याच्या दिवेवाल्याने भगभगीत दिवा थेट माझ्या तोंडावर धरला होता, आणि मी म्हणत होते, "ए, जा की पुढे! लग्न माझं आहे का?" मेल्याने सूड उगवला. नेमकं ते तेवढंच संथ केलं आणि भोवती गुलाबी बदाम उडवले.

थोडं मागे नेलं, थोडं पुढे नेलं. मनीषा कुठेच नाही. माझ्या एका बाजूला कुणाची तरी आजी, दुसऱ्या बाजूला पत्रावळीपुढे डुलक्या घेणारं पोर. मनीषा पार आधी, वरातीत नाचताना आहे.

तरी मन शंकेखोर! म्हटलं, मी चहा घेऊन आले म्हणून तुम्ही नेमकं तिथे बंद केलं असेल. शेवटी भिंतीवरून काकींना हाक मारली. काकी पदराला हात पुसत आल्या, टीव्हीकडे बघितलं आणि हसत सुटल्या.

"अगो, हीच ती जागा! अजून हितंच थांबतंय?"

"काकी, आईंनी बोट दाखवलं ते इथे? मला?"

"मंग कोनाला? तुजी सासू बोलली, ही पोर मना पायजे. माज्या पोराला गप बस बोलनारी कोन तरी पायजे घरात."

"आणि मनीषा?"

"कंची मनीषा?"

मी त्यांना पूजेच्या दिवसाची आठवण करून दिली. त्यांना काही आठवेना. "मी बोलले? बोलले असंन. नव्या नवरीची मस्करी नाय कराची, तं मंग कोनाची? ते तू मनावर घेतलंस? इतकी वर्सं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, आई! भिंतीपलीकडे उत्तर बसलं होतं आणि मी लेन्स शोधत फिरत होते.

"मग मी आले की बंद का करायच्या?"

"सुनंला कललं तं डोक्यावर नाय बसनार?" काकी म्हणाल्या, आणि माझा थंड झालेला चहा पिऊन गेल्या.

मी खूप हसले. रडलेही, पण हसले जास्त. भाताचं पोतं पाठीवरून उतरल्यावर माणूस कसा आधी नुसताच उभा राहतो, तशी घरभर नुसतीच उभी राहत होते. या खोलीत, त्या खोलीत. तेच घर, पण मी त्यात चुकून नव्हते.

पण काय हो आई, हे काय वागणं झालं? एकदा, फक्त एकदा सांगितलं असतंत तर मी खरंच डोक्यावर बसले असते का? (बसले असते. थोडी.) तुमच्या तोंडून कधी 'कालवण बरं झालंय' निघालं नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतलंत की मी समजून जायची. तसं हेही समजून घ्यायचं होतं का मी? आणि मनीषाची चौकशी? आता वाटतं, माझ्या माहेरचं तेवढं एकच नाव तुमच्या लक्षात राहिलं असेल, तेही काकींच्या मस्करीमुळे. माझ्याशी काहीतरी बोलायचं, म्हणून विचारत असाल. माझ्यावर माया होती तर ती माझ्यासमोर चालू ठेवायला काय झालं होतं?

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "म्हणजे आईने मला बायको नाही, वॉचमन आणून दिला." मग जरा वेळाने त्यांनीही ती पंगत बघायला मागितली. बघितली आणि टीव्हीकडे बघतच विचारलं, "मग, नवीन आणायचा की नाही?" म्हटलं, आणा, साक्षीला हवा असेल तर. पण याला आता कुणी हात लावायचा नाही. मागेपुढे करण्यात जागा हलली होती, ती मी परत नीट त्या जिलबीपाशी आणली आणि तिथे बंद केलं. आता तो कायम तिथूनच सुरू होईल.

काल एक गंमत झाली. साक्षीच्या शाळेतल्या नाटुकलीचा व्हिडिओ मोबाईलवर बघत होते. त्यात ती राजाला दरडावते, आणि स्वतःचे संवाद विसरलेल्या प्रधानालाही दरडावते. मी एकटीच हसत होते. तेवढ्यात ती दप्तर टाकून आत आली, आणि आई, माझा अंगठा आपोआप बंद करायला गेला! तुमचीच सून ना मी.

अंगठा मागे घेतला. म्हटलं, "ये, बस इथे. हे तुझं मला फार आवडलं." तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग बसली.

तर हा माझा शब्द, आई. माझ्या माणसांकडे मी कौतुकाने बघत असेन आणि ती दारात आली, तर मी बंद करणार नाही. चालू ठेवीन, आणि सरकून जागा देईन.

तुम्ही बघून आणलेली सून,
संगीता