थेंबांची सकाळ

११ फेब्रुवारी, बुधवार

उसवलं! कालचं अख्खं गोपूर उसवलं. चहा घेऊन खिडकीत बसले तेव्हा वाटलं होतं, आज कळसापर्यंत जाईन. धागे मोजत जाते आणि मध्येच कळेनासं होतं की मोजले किती. डोक्यात कुणीतरी कापूस पिंजून ठेवलाय. तोंड कोरडं, जीभ टाळूला चिकटलेली. उठले तर भिंत धरावी लागली.

हे सगळं रात्रीच्या थेंबांचं. श्रीवत्स वैद्यांनी दिलेले विजयाचे थेंब. विजया म्हणजे भांगच की, दुसरं काय! नाव मात्र कसं देवघरातलं. पण खोटं कशाला लिहू— पाठीचं दुखणं थांबतं ते त्यांनीच. दोन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर गेला म्हणून आम्ही पेढे वाटले, आणि तो जाऊन बसला पाठीच्या हाडात. हुबळीच्या डॉक्टरांच्या दुखण्यावरच्या गोळ्या पोटाला सोसेनात. थेंबांनी झोप लागते, माणसासारखी. फक्त दुसरी सकाळ माझी राहत नाही.

आणि मला सकाळच हवी आहे. वैशाखात लेकीचं, भार्गवीचं लग्न. तिच्या अंगावर माझ्या हातची चंद्रकळा असणार, हे ती पाळण्यात होती तेव्हाच ठरलंय. काळं इरकल, त्यावर कसूतीचं भरतकाम. पदरावर गोपुरं, मधे पालखी, खाली हत्तींची रांग. या केलगेरीच्या घरात सकाळी खिडकीतून जो उजेड येतो तेवढ्यातच काळ्या कापडाचे धागे वेगळे दिसतात. दुपारनंतर काळं ते काळंच.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बसने केशवापूरला, वैद्यांकडे. हे सोबत. वैद्यांनी माझी स्कूटर बंद केली— "सकाळी डोकं जड असताना गाडीला हात लावायचा नाही अक्का." मला अक्का म्हणतात, आहेत मात्र माझ्या विद्यार्थिनींच्या वयाचे.

थेंब झोपताना नको, दिवेलागणीला घ्या. दोन कमी करा. पोटात दोन घास असू देत. उठताना आधी अंथरुणात बसा, मग पाय खाली. पाणी, ताक भरपूर. हे सगळं यांनी मान हलवत ऐकलं. पाटबंधारे खात्यात असताना साहेबांसमोर अशीच मान हलवत असणार.

निघताना वैद्य म्हणाले, "आणि एक अक्का. काही नवीन वाटलं तर सांगा. सगळं थेंबांच्या माथी मारू नका."

मी हो म्हटलं. डोक्यात साडीच होती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बरं आहे! खरंच बरं आहे. दिवेलागणीला थेंब घेतले की सकाळी धुकं लवकर उठतं. गोपुरांची रांग पुरी झाली. साडी उलटी करून पाहिली— उलटी बाजू सुलटीसारखीच. एक गाठ नाही. धागा जाताना एक घर सोडतो, परतताना ते भरतो, गाठ मारायचं कारणच काय! शाळेत मुली म्हणायच्या, कुसुमबाईंना भिंतीपलीकडची गाठ दिसते. म्हणू देत.

माझ्या लेकीला मात्र सुईचं वावडं. आठवीत असताना एक तुळशीवृंदावन भरलं होतं तिने. मागे गाठ होती. मी कात्री लावली. उठून गेली ती गेलीच. आता बेंगळूरला संगणकावर बसते आणि म्हणते, "आई, मशीनने काय सुंदर होतं गं!" मशीनने!

२२ फेब्रुवारी, रविवार

यांच्याशी भांडण. चटणीवरून! हल्ली स्वयंपाक हेच करतात. ताट वाढून आणलं. मी म्हटलं, "चटणी नाही केलीत?" "वाढलीय की." "कुठाय?" यांनी ताट फिरवलं. होती. शेंगदाण्याची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं होतं. "डावीकडेच वाढलीय गं. चटणी आणि कुठे वाढतात?"

मी म्हटलं, थेंब चढलेत.

हे म्हणाले, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, यांची प्रत्येक गोष्ट या दोन कन्नड शब्दांवर संपते. दूध उतू गेलं— होगली बिडु. बढती हुकली— होगली बिडु. असं सोडून देणाऱ्याच्या हातून कसूती झाली नसती.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

स्वयंपाकघराच्या चौकटीवर डावा खांदा आपटला. परवाही तिथेच आपटला होता. काळानिळा झालाय. ब्लाउजच्या बाहीत झाकतो, बरं आहे.

शेजारची शांताअक्का जिन्यात भेटली. हाक मारत होती म्हणे, मी बघितलंच नाही. "काय कुसुमअक्का, लेकीचं लग्न ठरलं तर ओळखच विसरलात?" हसून वेळ मारून नेली. आता काय सांगू हिला, भांग घेते म्हणून?

३ मार्च, मंगळवार

होळी. दीर प्रभंजन, उणकलहून फोन. "वहिनी, आम्ही वर्षातून एकदा घेतो, तुमची रोजच होळी!" मीही हसले. फोन ठेवल्यावर रडू आलं. का ते कळेना. पुरणपोळी बरी झाली होती. यांनी एकट्याने केली, फाटकी-तुटकी.

६ मार्च, शुक्रवार

पालखीचा दांडा वाकडा गेला. उसवला. परत घातला. परत वाकडा.

थेंब आणखी कमी केले. काही फरक नाही. ताक पिऊन पिऊन पोट डबडबलं.

८ मार्च, रविवार

ठरवलं. थेंब बंद.

कुणाला सांगणार नाही. हे चमच्यात तूप घेऊन त्यावर थेंब मोजतात, डोळे बारीक करून, सोनार सोनं तोलतो तसे. मग माझ्या तोंडाशी धरतात. मी तोंडात धरणार आणि बेसिनवर जाऊन थुंकणार. पाप वाटतं. पण साडी की झोप, असा प्रश्न असेल तर झोपेला मी काय करू? भार्गवी काही माझी झोप नेसून बोहल्यावर चढणार नाही.

९ मार्च, सोमवार

रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

११ मार्च, बुधवार

डोकं स्वच्छ! तोंड कोरडं नाही, भिंत धरावी लागली नाही. पाठ पेटलीय, ती पेटू दे. पालखी बाजूला ठेवली, तिचा दांडा मागाहून बघू. हत्ती घेतले. पहिला हत्ती एका बैठकीत झाला. कुठे अडलं नाही की उसवलं नाही. हात कसा आपोआप चालला. किती दिवसांनी!

हे चहा घेऊन आले, माझ्याकडे बघत राहिले. "ओठ का चावायलीस?" म्हटलं, सवय आहे, धागा तोडायची.

१३ मार्च, शुक्रवार

आणखी दोन हत्ती. उभं राहवत नाही, म्हणून उशा लावून बसते. रात्री उशी तोंडात धरते, म्हणजे यांना ऐकू जात नाही. पण सकाळी हत्ती चालतात माझे! लग्नापर्यंत होणार. नक्की होणार.

उद्या भार्गवी येते. तिला दाखवीन. बघ म्हणावं, मशीनने कर हे!

१४ मार्च, शनिवार

लिहायला बसलेय.

भार्गवी सकाळच्या गाडीने आली. पिशवी खाली टाकायच्या आधी मी साडी पसरली. ती वाकून बघत राहिली. बराच वेळ. मला वाटलं, रडते आनंदाने. मग म्हणाली, "आई, हे हत्ती अर्धेच ठेवलेस का गं?"

"अर्धे कुठले? पुरे तीन हत्ती आहेत."

"सोंड?"

"डोळे तपास तुझे."

तिने वर बघितलं, यांच्याकडे. मग कापड हळूच उजवीकडे सरकवलं. माझ्या उजव्या हाताखाली आणलं. आणि मला दिसलं. सोंड नाही, डोकं नाही, पुढचे पाय नाहीत. पाठीपासून शेपटीपर्यंत हत्ती, आणि पुढे नुसतं काळं कापड. तिन्ही तसेच. सरळ रेषेत संपलेले, कात्रीने कापावे तसे.

मी केलेत हे. स्वच्छ डोक्याने. मला ते पुरे दिसत होते.

हे म्हणाले, "थेंबांमुळे होतंय गं, वैद्यांना विचारू." मग मला सांगावंच लागलं, की थेंब मी घेतच नाही. रविवारपासून बेसिनमध्ये जातायत. हे स्टुलावर बसले. होगली बिडुसुद्धा नाही. मग इतक्या हळू म्हणाले, "म्हणजे हे थेंबांचं नव्हे."

चटणी. खांदा. शांताअक्का. सगळं डावीकडचं.

"दुखत होतं आणि सांगितलं नाहीस," भार्गवी ओरडली. "एका साडीसाठी!" आणि तीच साडी तोंडाला लावून रडली. मी म्हटलं, रेशमाला डाग पडतील. खरंच, तेवढंच सुचलं.

१६ मार्च, सोमवार

हुबळी. स्कॅन. डोक्यात गेलाय, उजव्या बाजूला. त्यामुळे डाव्या बाजूचं मेंदू मोजतच नाही, डॉक्टर म्हणाले. डोळे चांगले आहेत म्हणे. सूज उतरायला औषध दिलंय. सूज उतरेल. बाकीचं त्यांनी यांना बाहेर नेऊन सांगितलं. मी काचेतून यांची पाठ बघत होते. मान हलवत नव्हते.

येताना केशवापूरला थांबलो. वैद्य रागावले नाहीत, तेच लागलं मनाला. म्हणाले, "अक्का, दुखणं सोसून डोकं साफ होत नाही. थेंब आजच चालू करा. आणि मोठ्या डॉक्टरांना हेही सांगून ठेवा, काय काय चालू आहे ते."

मी सगळा दोष थेंबांवर ढकलला. त्या बिचाऱ्यांनी फक्त झोपवलं मला.

१७ मार्च, मंगळवार

झोपले. जड डोक्याने उठले, तोंड कोरडं. अंथरुणात बसून राहिले आणि त्या जडपणाचं बरं वाटलं. हा तर ओळखीचा.

मला मरायची भीती वाटते. लिहून टाकलं. लग्नाआधी नको, एवढंच. कुणाला सांगायचं ते कळत नाही म्हणून इथे.

हे आता ताट उलटं वाढतात. चटणी उजवीकडे! यांच्या आईने पाहिलं असतं तर ताटावरून उठली असती. मी जेवले, सगळं.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

भार्गवीने रजा वाढवली. सकाळी धुकं उतरल्यावर माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. म्हणाली, "शिकव." मी तिच्या हातात सुई दिली. मला ती दिसत नाही, नुसता आवाज येतो— "आई, आता किती धागे?" मी सांगते, ती घालते. दुपारपर्यंत पहिल्या हत्तीला सोंड आली. तिने कापड उजवीकडे सरकवून दाखवलं. सोंड जरा आखूड आहे.

सवयीने साडी उलटली. मागे गाठ होती. चांगली ज्वारीच्या दाण्याएवढी.

ती माझ्या तोंडाकडे बघत असणार. मी कात्री पेटीत ठेवली आणि म्हटलं, होगली बिडु.