बॉयलर मधेच गप्प का होतो

शनि. ४ डिसेंबर २००४, एडिसन

नव्या थर्मोस्टॅटची खरी किंमत: दुकानात साठ डॉलर. त्यावर दुकानाच्या दोन फेऱ्या, डाव्या अंगठ्याचं नख, सोमवारवर ढकललेलं एक गिऱ्हाईक, आणि मीराचं 'बाबा, जस्ट कॉल समबडी!' पोटची पोर. तिच्या पियानोच्या क्लासची फी मी वायरी ओढूनच भरतो.

भिंतीवरचा जुना गोल, पाऱ्याचा, काढला; खोली किती तापली ते बघून घर तापवणारा बॉयलर चालू-बंद करणं, एवढंच त्याचं काम. आधी तळघरातून वर आलेल्या दोन वायरी, लाल आणि पांढरी, एकमेकींना टेकवून पाहिल्या. खाली बॉयलर ताबडतोब सुरू. म्हणजे बॉयलर ठणठणीत, दोष थर्मोस्टॅटचा. नवा आकडे दाखवतो, वेळा लावून ठेवता येतात. दुपारभर घर अडुसष्ट फॅरनहाइटला, मस्त.

देवांची फळी त्याच भिंतीला, बरोबर खाली. अण्णांनी देव, समई, घंटा सगळं टेबलावर नेऊन ठेवलं तेव्हा कुठे हात पोचला. मग खुर्ची टाकून बघत बसले. 'काय जावईबापू, अजून शिडीवरच?' लग्न ठरतानाही हेच म्हणाले होते, वायरमन म्हणजे जन्मभर शिडीवर. हेडमास्तर रिटायर झाले, जीभ व्हायचीय. म्हटलं, 'अण्णा, शिडी आता माझ्या स्वतःच्या व्हॅनवर असते. व्हॅन दोन आहेत.'

'मग शिड्याही दोन असतील.'

हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच. जूनमध्ये सासूबाई गेल्या. ऑक्टोबरात सुनंदा अण्णांना साताऱ्याहून घेऊन आली, आता कायमचं ठेवायचं म्हणते. ते म्हणतात, हाडं गोठतात, मी जातो. कुलकर्णीकाका २८ला पुण्याला निघालेत, त्यांच्या सोबतीनं. एजंटनं सीट २० तारखेपर्यंत धरून ठेवलीय.

घर गरम करून देतो, मग बघू कसे जातात. भिंतीआड रिले कुठे टिकटिकतो ते मी जेवता जेवता सांगतो. तीस वर्षं या कानांवर पोट भरलंय.

मंगळ. ७ डिसेंबर

फसलं. सातला घरी आलो तर अण्णा स्वेटर, शाल, कानटोपीत. घर गार. भिंतीच्या तळाशी फिरणारे गरम पाण्याचे पाइप हाताला थंड. थर्मोस्टॅट म्हणतो बहात्तर. स्वयंपाकघरातलं साधं थर्मामीटर म्हणतं एकसष्ट. दोघांपैकी एक खोटारडा.

बूट काढतोय तोवर अण्णांची यादी सुरू, हेडमास्तरी थाटात, बोटं मोजत. चहा कपात ओतेपर्यंत निवतो. पाय रात्रभर गार ते गारच. समई लावली की तुमचा बॉयलर गप्प होतो. शेजारी माणूस राहतो की नाही कळत नाही. शाल इथं वाळत नाही. म्हटलं, हो हो, बघतो.

सुनंदा जिन्यात म्हणाली, 'अहो, त्यांना सोसत नसेल तर मी अडवणार नाही.' बोलताना माझ्याकडे बघत नव्हती.

गुरु. ९ डिसेंबर

लवकर सुटलो. तीनलाच घरी. वायरीच्या भोकातून तळघरातली गरम हवा येत असेल, थर्मोस्टॅटला भलतंच वाटत असेल, म्हणून भोक बुजवलं. कापूस अण्णांच्या वातींचा. 'वापरा, पण हिशेब ठेवा.' परत देव टेबलावर, परत खुर्ची.

तासभर उभा राहिलो. अगदी बरोबर चाललं. देव जागेवर गेले, मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर बॉयलर बंद, पाइप निवत चाललेले.

'तुम्ही आलात की चालतं, गेलात की बिघडतं.' हे गिऱ्हाइकांच्या तोंडून हजारदा ऐकलंय. एकाचंही कधी खरं मानलं नव्हतं.

शनि. ११ डिसेंबर

थर्मोस्टॅट बदलून आणला. काउंटरवरच्या माणसाला सुनावलं, तुमचा माल खराब. त्यानं निमूट दुसरा दिला.

दुसरा लावला. तोही तेच. संध्याकाळी त्याचे त्र्याहत्तर, थर्मामीटरचे अठ्ठावन्न.

बाहेर बर्फ. अण्णांनी समईत दोनच्या पाच वाती केल्या. 'तेवढीच ऊब.' कुलकर्णीकाकांचा फोन आला होता. किती किलो सामान चालतं, यावर वीस मिनिटं बोलणं. सुनंदा भांडी घासत होती. तीच पातेली दोनदा.

रवि. १२ डिसेंबर

एरवी मी सहालाच बाहेर पडतो. अण्णांची पूजा या घरात आज पहिल्यांदा सुरुवातीपासून ऐकली. चहा घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. खाली पंपाची घरघर. काडी ओढल्याचा आवाज. घंटा. स्तोत्र. तिसऱ्या का चौथ्या श्लोकाला भिंतीत टिक्. घरघर बंद.

उठून समईवर हात धरला. पाच ज्योतींची ऊब सरळ वर, थर्मोस्टॅटच्या पोटाला. त्याला वाटणारच घर तापलं. घर गारठतं तसे अण्णा वाती वाढवतात. वाती वाढल्या की तो आणखी निवांत. आणि मी हात लावायच्या आधी दर वेळी समई टेबलावर!

म्हणजे जुनाही निर्दोष. काउंटरवरचा माणूसही.

अण्णांना फळी पूर्वेच्या खिडकीशी हवी होती. मीच म्हणालो होतो, इथे आत लाकूड भक्कम लागतं, स्क्रू जन्मभर हलायचा नाही.

सुनंदाला मागच्या दारी नेऊन सांगितलं. हसली नाही. 'अण्णांना सांगू नका. म्हणतील माझ्या दिव्यापायी पोरं गारठली. उद्याच बॅग भरतील.'

मग देव तिथेच. थर्मोस्टॅट हलवायचा. तोवर बेसमेंटमधला हीटर आणून अण्णांच्या खोलीत लावलाय.

शनि. १८ डिसेंबर

तळघरातून नवी वायर जेवणघराच्या आतल्या भिंतीत चढवली. लाल, पांढरी, दोन स्क्रू. जुन्या भोकावर पांढरी प्लेट. या वेळी अण्णांना देव हलवू दिले नाहीत. समई पाचही वातींनी जळत होती.

सहा ते आठ बसून ऐकलं. बॉयलर आपल्या वेळेला सुरू, आपल्या वेळेला बंद. थर्मोस्टॅट आणि स्वयंपाकघरातलं थर्मामीटर, दोघांचेही अडुसष्ट. जेवताना अण्णांनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. सुनंदानं बघितलं, मीही.

रवि. १९ डिसेंबर

सकाळी अण्णा, कानटोपीशिवाय. 'काय बिघडलं होतं?'

'जागा बदलली, अण्णा.'

'ते दिसतंय. का बदलली?'

चौतीस वर्षं पोरांचं खोटं पकडलेला माणूस. सुनंदा डोळे मोठे करत होती, तरी सांगून टाकलं. अण्णांनी कप खाली ठेवला.

'हे मी तुम्हाला सांगितलं होतं.'

'कधी?'

'तुम्ही बूट काढत होतात.'

म्हटलं शक्य नाही, माझ्या कानातून अशी गोष्ट सुटत नाही. 'असेल, असेल,' म्हणाले आणि देवापुढे गेले. वाती दोनच लावल्या.

दुपारी सुनंदानं विचारलं, 'उद्या एजंटला काय सांगू?' अण्णा म्हणाले, 'उद्या ना? उद्या सांगतो.' चष्मा पुसत होते. मला त्यातून काहीच कळलं नाही.

आत्ता ही वही मागे उलटली. मंगळवार, सात डिसेंबर. निवलेला चहा, गार पाय, आणि त्यांच्याखाली, माझ्याच अक्षरात: समई लावली की तुमचा बॉयलर गप्प होतो.